मुकी ओटी

सरळच सांगते, मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिनं सासूला "आई" म्हणून हाक मारली आणि सासू विरघळली. मी एकोणीस वर्षं "आत्या" म्हणतेय. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात, त्यात माझी काय चूक? जाऊ पुण्याची, शिकलेली. दीर कंपनीत. दोघं तीन वर्षं जर्मनीत राहून आली आणि आता भूगावात फ्लॅट घेतलाय. सणावाराला येतात, दोन दिवस राहतात. त्या दोन दिवसांत सासूला माझी आठवण फक्त "दूध उतू जातंय बघ गं" एवढ्यापुरती होते.

माझ्याकडं एकच गोष्ट अशी होती जी तिच्याकडं नव्हती. गडावरच्या देवीची ओटी.

आमचं गाव धरणाच्या मागच्या अंगाला, पार कड्याच्या जवळ. वर जंगलात एक पडका गड आहे. कोकणातून चढून येणारी घाटवाट त्याच्या पायाशी निघते. पूर्वी त्या वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचं काम आमच्या घराकडं होतं. कोकणची हद्द सरली आणि आपली सुरू झाली, ती जागा तीच. आता कोण येतंय हटकून घ्यायला? रविवारी ट्रेकवाले तेवढे दिसतात. पण त्या राखणीपायी चैत्री पुनवेला देवीची पहिली ओटी आमच्या घरच्या सुनेनं भरायची, हे अजून चालू आहे. तिला मुकी ओटी म्हणतात. वेस ओलांडली की ओटी घेतलेल्या बाईनं देवीपुढं पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. रातपहाऱ्याचे लोक आवाज न करता गड चढायचे, म्हणून हे असं, असं सासरे सांगायचे. शब्द फुटला तर ओटी घरातल्या दुसऱ्या सुनेच्या हाती द्यायची. मग मान तिचा, आणि पुढंही तिचाच.

मी तशी तोंडाळ. नवरा म्हणतो, ही झोपेतबी भांडती. पण त्या अडीच तासांच्या चढणीत माझ्या तोंडातून कधी हूं की चूं निघालं नाही. एका साली वाटेत विंचू चावला, तरी नाही. डोळ्यांतून पाणी काढत चढले, पण ओटी मीच भरली.

इतकी वर्षं तशी भीती नव्हती. दुसरी सून नव्हतीच, आणि आली ती लगेच परदेशी गेली. यंदा पहिल्यांदा ती गडावर येणार होती. आदल्या दिवशी पुरण वाटताना सासू हळूच म्हणाली, "धाकटीलाबी एकदा दिऊ की मान. तीबी ह्याच घरची हाय."

माझा हात थांबला. म्हटलं, "द्या की आत्या. मी बोलले तर द्या."

सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. नवरा आणि दीर कोयते घेऊन पुढं, वाटेवर आलेली कारवी तोडत. त्यांच्या मागं मी अनवाणी, दोन्ही हातांत सूप, सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. माझ्या मागं सासू, जावेचा हात धरून. एकोणीस वर्षं ही बाई काठी टेकत चढली. दर साली मी म्हणायची, काठी टाका, परतताना माझा हात धरा. तर म्हणायची, मी काय म्हातारी झाले व्हय? आणि यंदा बघा, काठी घरीच!

आणि जावेच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"आई, आम्ही तिकडे अगदी असाच किल्ला पाहिला. रोमन लोकांचा. दाट जंगलात. त्यांच्या राज्याची हद्द तिथे संपायची, पलीकडे रानातल्या टोळ्या. आता भिंती एवढ्याच राहिल्यात, गुडघ्याइतक्या. पण गवत कसं कापलेलं! आणि प्रत्येक खोलीपुढे पाटी. इथे शिपाई झोपायचे, इथे दाणे दळायचे, इथे आंघोळीचं गरम पाणी."

"गरम पानी? गडावर?" सासूला भारी नवल.

"हो ना! थंडी किती तिकडे."

"आन देवी कंची त्यांची?"

"होते त्यांचे देव. पण आता कोण पुजणार? त्या शिपायांच्या घरचं कुणी राहिलंच नाही तिथे. नुसते दगड. मला तिथे उभं राहून आपल्या गडाची आठवण आली. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, आपल्याकडे बघ, ताई अजून ओटी घेऊन जातात."

न बघितलेल्या गडाची आठवण येते म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टोमणा असता तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चांगली फाडून काढली असती. पण ती मनापासून कौतुक करत होती. माझ्याच ओटीबद्दल असं काही बोलत होती की सासू मध्येच थांबून म्हणाली, "व्हय गं, खरंच की. आपल्याला हितं राहून कदी सुचलंच न्हाई." मी एकोणीस वर्षं ओटी वाहिली आणि तिचं मोल सासूला कळलं ते हिच्या तोंडून. आणि मी मुकी! बोलायची सोय नाही. दात आवळून चढत राहिले.

गडाच्या दरवाजाची कमान कधीच पडलीय, दोन्ही बाजूचे बुरूज तेवढे अर्धेमुर्धे उभे आहेत. आत शिरलं की घरांची जोती, त्यांच्यावर करवंदीच्या जाळ्या. नवरा आणि दीर देवीपुढचा पाचोळा काढायला पुढं गेले होते. सासू दरवाजापाशी दगडावर टेकली आणि आमच्याकडं पाठ करून पाणी पीत बसली. तिथून देवी दोनशे पावलांवर. त्या दोनशे पावलांत डाव्या हाताला टाकं आहे, खडकात कोरलेलं, दोन पुरुष खोल, चैत्रात तळाला थोडं हिरवं पाणी. काठावर वाळलं गवत असं लोळलेलं असतं की तोंड दिसत नाही. आम्हाला ठाऊक, म्हणून आम्ही उजवीकडून जातो. आमच्या गडावर पाटी कुठली?

"ताई, तुमचा व्हिडिओ काढते हं. तुम्ही येत राहा," असं म्हणून जाऊ माझ्यापुढं गेली आणि फोन तोंडापुढं धरून उलटी चालायला लागली.

उलटी, आणि डावीकडं.

मी बघितलं. पहिल्याच पावलाला बघितलं. आधी वाटलं, थांबेल. मग वाटलं, पडू दे जराशी, फुटू दे तो फोन. मग खरं होतं ते वाटलं. आता बोलले तर मान हिचा, आणि जन्मभराचा. देवी तिथंच दिसत होती, शेंदराचा ठिपका. सूप खाली ठेवता आलं असतं, डोळ्यांनी खुणावता आलं असतं. मी ह्यातलं काही केलं नाही. मी चालत राहिले आणि ती मागं सरकत राहिली.

मग तिची टाच गवतात बुडाली.

"मागं टाकं हाय! थांब!"

ती जागच्या जागी गोठली. टाचेखालचा एक दगड सुटला आणि जरा वेळानं खाली डुबकन वाजला. तो आवाज ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला. सासू धडपडत आली, नवरा आणि दीर पळत आले. मी सूप धरून उभीच.

सासूनं टाक्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! "मान सोडलास गं, पर जीव राखलास," म्हणाली आणि रडायला लागली. दिराचेही डोळे भरले. तो माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले.

रीत ती रीत. सूप जावेच्या हातात गेलं. उरलेली पावलं ती मुकाट चालली, चपला काढून. तिनं ओटी नीट भरली. कुठं चुकली असती तर मला बरं वाटलं असतं, पण चुकली नाही. मी मागं उभी राहून बघत होते आणि आतून जळत होते. दोन वितींवर तिचं मरण बघूनसुद्धा माझं जळणं थांबलं नव्हतं.

दिरानं गडावरूनच फोन केला होता, खाली येईपर्यंत गावभर झालं होतं. थोरलीनं जावेसाठी मान सोडला. बाया येऊन माझा हात धरून जात होत्या. सासूनं पहिलं पुरणपोळीचं ताट मला वाढलं. मी ते नवऱ्यापुढं सरकवलं.

दुपारी बाकीचे आडवे झाल्यावर मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. जाऊ आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि फोन माझ्यापुढं धरला. व्हिडिओ चालूच राहिला होता. त्यात मी होते, हातात सूप. माझे डोळे तिच्या पायामागच्या गवताकडं गेले, मग तिच्या तोंडाकडं, मग परत गवताकडं. तोंड घट्ट मिटलेलं. मी चालतेय, चालतेय. किती वेळ, देवा! मला वाटलं होतं क्षणभर. आंधळ्यालाही कळलं असतं की ह्या बाईला दिसतंय आणि ही बोलत नाहीये.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मी म्हटलं, "दाखवलास कुनाला?"

"नाही," ती म्हणाली. "ह्यांनापण नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, राग होता का ते मला कळलं नाही. तिनं माझ्यादेखत तो व्हिडिओ पुसून टाकला. मग म्हणाली, "ओरडलात ना शेवटी." आणि पदर खोचून माझ्याबरोबर भांडी विसळायला बसली.

मी तिच्या जागी असते तर तो व्हिडिओ जपून ठेवला असता. अगदी जन्मभर. हे मला तिथं बसल्या बसल्या पक्कं कळलं, आणि आजवर तिच्या कशाचा वाटला नसेल एवढा हेवा मला तिला तो पुसता आला ह्याचा वाटला.