काळी चार आणि माझा शेरा

हेडमास्तरांनी कमिटीची ऑर्डर माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. विश्रामची गायनाची स्कॉलरशिप टर्मअखेर बंद. कारण, आवाज बिघडला आहे आणि गायनमास्तरांच्या रिपोर्टाप्रमाणे मेहनत कमी आहे.

गायनमास्तर म्हणजे मी. रिपोर्ट माझा. अक्षरही माझंच, शाळेत वळणदार म्हणून नावाजलेलं.

मला संताप आला. नेमका कोणाचा, ते ठरवायला मात्र दोन दिवस लागले.

स्कॉलरशिप म्हणजे फी माफ, बोर्डिंगमध्ये जेवण आणि राहणं फुकट, शिवाय शाळा सुटल्यावर रोज तासभर माझ्याकडे गाणं. ती गेली की विश्राम बोर्डिंगबाहेर, आणि बाहेर म्हणजे थेट बापाच्या मचव्यावर, दर्यात शिडं-दोर ओढायला. गाण्याचा विषय संपला.

हा मुलगा मला रत्नागिरीच्या बंदरावर सापडला. मुंबईच्या बोटीने मेव्हणा यायचा होता. बोट लांब उभी राहते आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येतात. दोर ओढणाऱ्या खलाशांना दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा ओरडून ठेका देत होता, आणि ते ओरडणं चक्क सुरात होतं. मेव्हणा भिजला, त्याची वळकटी भिजली, आणि मी त्या पोराचं नाव विचारत उभा. मेव्हणा अजून हे काढतो.

पहिल्या वर्षी विश्रामचा सा गलबतासारखा हलायचा. दुसऱ्या वर्षी माझं बोट पेटीवर चुकलं की तो गाणं थांबवून माझ्याकडे बघायचा. वर्गात असा एक मुलगा असला की मास्तरला घरी रियाज करावा लागतो. मी पंधरा वर्षांनी पुन्हा करू लागलो.

स्कॉलरशिप भाऊसाहेब वकिलांनी वडिलांच्या नावे ठेवलेली. कागदावर अट काही नव्हती. पण रिवाज असा, की स्कॉलरशिपच्या मुलाने दर गुरुवारी आरतीनंतर भाऊसाहेबांच्या ओटीवर गायचं. शिवाय मुंबईचे पाहुणे आले की गायचं, मुलगी बघायला आले की गायचं, गणपतीपुळ्याला जाताना कोणी वाटेत उतरले तरी गायचं. पेटीवर मी. नंतर पन्हं. पन्हं झकास असे, खोटं का बोला.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो. गाणारा आपला सा पेटीच्या ज्या स्वरावर ठेवतो, ती त्याची पट्टी. बायका आणि लहान मुलं उंच पट्टीत गातात, पुरुष खाली. विश्राम काळी चारला गायचा, म्हणजे चांगलाच उंच. भाऊसाहेबांना तेवढंच कळत होतं आणि तेवढंच आवडत होतं. पाहुण्यांना ते आधीच बजावत, "ऐका हं, आता वर जाईल."

चौदाव्या वर्षी विश्रामचा आवाज फुटू लागला. मिशी फुटते तसाच हाही निसर्गनियम. त्या दिवसांत पोराला उंच गायला लावू नये, हे माझ्या गुरूंनी मला कान धरून शिकवलं होतं. म्हणजे अज्ञानाची सबबसुद्धा मला नाही. एका गुरुवारी विश्राम हळूच म्हणाला, "मास्तर, जरा खाली घेऊ या का?"

"भाऊसाहेबांना काळी चारच लागते," मी म्हटलं. "ज्येष्ठमध चघळ."

मग कमिटीपुढे वार्षिक परीक्षा झाली. वरच्या ‘सा’ला आवाज चिरकला. एक मेंबर हसले, म्हणून बाकीचेही हसले. विश्राम मान खाली घालून उभा राहिला. आणि माझ्या शिकवण्यावर काही येऊ नये म्हणून मी त्या दुपारी रिपोर्टात दोन शब्द लिहिले. मेहनत कमी.

ऑर्डर निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. तांडेल होता, म्हणजे मचव्यावरचा मुख्य माणूस. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "पोराला न्यायला आलोय, मास्तर. गला गेला तर जाऊंदे. दर्यात कोन पेटी वाजवतंय?"

मागे विश्राम ट्रंक घेऊन उभा होता. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मी तांडेलाकडून आठ दिवस मागून घेतले आणि तसाच भाऊसाहेबांकडे गेलो.

पडवीत आंब्याची आढी लावणं चाललं होतं. भाऊसाहेब एकेक फळ हातात घेऊन बघत होते. मी विषय काढला. ते म्हणाले, "डागी आंबा आढीत ठेवला की शेजारचे नासतात, मास्तर."

माझं डोकं फिरलं. "रोज येणाऱ्याजाणाऱ्याला दाबून दाखवलात तर डाग पडणारच, भाऊसाहेब."

गड्यांचे हात थांबले. भाऊसाहेबांनी हातातलं फळ पेंढ्यावर नीट ठेवलं.

"आणि दर गुरुवारी दाबायला आणून कोण देत होतं?"

पन्हं आलं. मी प्यायलो नाही. त्या दिवसाचा माझा पराक्रम एवढाच.

घरी येऊन मी भाऊसाहेबांचा तासभर उद्धार केला. बायको तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "शेरा त्यांनी लिहिला का?"

दुसऱ्या दिवशी मी नवा रिपोर्ट लिहिला. मुलाचा आवाज फुटत असताना त्याला उंच पट्टीत गायला लावलं. ही चूक गायनमास्तरांची, मुलाची नाही. आवाजाला विश्रांती द्यावी आणि वर्षभर स्कॉलरशिप चालू ठेवून पुन्हा परीक्षा घ्यावी.

हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. "हे पुढे पाठवलं तर नोकरीत कायम होणं विसरा."

"पाठवा," मी म्हटलं. आवाज माझाही चिरकला.

कमिटीने एक वर्ष दिलं. मला लेखी ताकीद मिळाली. भाऊसाहेबांनी शाळेला दिलेली पेटी दुरुस्तीच्या नावाखाली घरी नेली.

मग मी घरचा तंबोरा शाळेत नेऊन ठेवला. विश्रामने काही महिने गळ्यातून सूर काढला नाही. तारा लावायच्या आणि ऐकायच्या, एवढंच. पहिले काही दिवस तो माझ्याशी बोललाही नाही, आणि त्याचं बरोबर होतं. पण कान असा तयार झाला, की मी लावलेला तंबोरा तो मुकाट्याने उतरवून पुन्हा लावायचा. मला राग यायचा. मग ऐकल्यावर जायचा.

दिवाळीनंतर आवाज आला. खालचा, भरीव, बापासारखा. सा बसला पांढरी एकला.

वर्षअखेर बक्षीस समारंभ होता. परीक्षाही त्यातच उरकायची असं कमिटीने ठरवलं. भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन पुढच्या रांगेत बसलेले. पेटीही गड्याच्या डोक्यावरून परत आली होती. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "होऊ द्या पूर्वीसारखं, काळी चारला."

सांगायला लाज वाटते, पण माझं बोट सवयीने काळी चारवर गेलं.

विश्रामने हात पुढे करून पेटीचा भाता बंद केला. "मास्तर, माझी पांढरी एक," म्हणाला, आणि तंबोरा उचलला.

अर्धा तास गायला. कोणी हसलं नाही. मागे दाराशी तांडेल पागोटं हातात घेऊन उभा होता. तो गाणं संपेपर्यंत बसला नाही.

स्कॉलरशिप मॅट्रिकपर्यंत चालली. आता विश्राम देशावर एका बुवांकडे शिकतो. पत्रात रागांबद्दल लिहितो आणि शेवटी माझा तंबोरा नीट लावलेला आहे ना, ते विचारतो. भाऊसाहेब पाहुण्यांना सांगतात, "आमच्या ओटीवर तयार झालेला मुलगा." हे ऐकलं की अजून माझ्या कानशिलांत रक्त चढतं. मी अजून टेम्पररीच आहे.

शेरे मात्र आजही मीच लिहितो. मेहनत कमी असं लिहायची वेळ आली, की कोणाची, तेही पुढे लिहितो.