आठवी फेरी

पावलाचं हाड मोडल्यावर तीन महिन्यांनी, बासष्ट वर्षांची सरोजिनी गुप्ते पुन्हा सायकलवर बसली. पॅडल मारताना काहीच दुखलं नाही. माटुंग्याच्या बागांभोवतीचा रस्ता कोवळ्या उन्हात स्वप्नातल्यासारखा समोरून येत होता आणि झाडांच्या सावल्या तिच्या अंगावरून पाण्यासारख्या वाहत होत्या.

बाकावर बसलेले तात्या, म्हणजे तिचा नवरा, दर फेरीला विचारत, "पुरे ना आता?"

"अजून एक," म्हणत ती पुढे तरंगत जाई.

खरं तर तिला थांबताच येत नव्हतं. उतरताना ती कायम डावा पाय टेकायची आणि मोडला होता तोच. प्लास्टरच्या दिवसांत 'पाय टेकू नकोस' म्हणून घरच्यांनी, त्यातही तात्यांनी, तिचं डोकं उठवलं होतं. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. पायाने मात्र घेतलं होतं.

आठव्या फेरीला तात्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला. ते उठून रस्त्याच्या कडेला आले आणि त्यांनी खांदा पुढे केला.

"सरू, टेक आता," ते हळूच म्हणाले. "मीच सांगतोय."

तिने ब्रेक दाबला, खांदा धरला आणि डोळे मिटून पाय खाली सोडला.

जमीन होती तिथेच होती.