माझ्या पत्रकातले मंगोल

पाटोद्याहून मी निघालो तेव्हा गाडीपर्यंत पोचवायला फक्त बा आला. ज्या गावासाठी मी पत्रक छापलं ते गाव आपापल्या दारात उभं होतं, आणि एकानंही "कुठं निघाला?" म्हणून विचारलं नाही. बानं गाठोडं गाडीत टाकलं. "जा. आता तिकडल्यांना शिकव. आमी लई शिकलो." जामखेडच्या वाटेवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाठोडं उलटंपालटं केलं, तंबाखू शोधली, आणि ज्या कागदांपायी मला गाव सोडावं लागत होतं ते कागद सतरंजीत तसेच राहू दिले. त्याला वाचता येत असतं तर मी पकडला गेलो असतो. निजामाच्या राज्यातल्या अडाणीपणाचा माझ्या हाती लागलेला हा एकमेव फायदा.

जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे पुणं-सोलापूर गाठून बसलात, त्या दोघांनाही घडलं ते सरळ सांगतो. कारण दोन्हीकडं ते वाकडं करून सांगितलं जातं.

आमच्या पोरांना शाळेत सगळं उर्दूतून. घरात आई मराठीत रागावणार आणि मास्तर उर्दूत, पोर दोन्हीकडं मुकं. ओसरीवर मराठीचा साधा वर्ग भरवायचा तर सरकारची इजाजत हवी, आणि मराठीच्या वर्गाचा अर्ज उर्दूत हवा. यावर हसायचं नाही, अशीही एखादी अट असावी. अर्ज लिहिला करीमचाचांनी. उर्दू शाळेतून पेन्शनीत निघालेले मास्तर. मोडी आणि बालबोध दोन्ही सफाईनं लिहिणारा गावात दुसरा माणूस नव्हता. ओसरी त्यांची, शिकवणार ते. सह्या दोन, त्यांची आणि माझी.

तिथं थांबलो असतो तर वर्ग उभा राहिला असता. पण मला पत्रक लिहायचं होतं. नगरला जाऊन छापून आणलं. त्यात ठोकून दिलं की आपल्या मुलुखाला मोगलाई म्हणतात, मोगल म्हणजे मंगोल, तेव्हा कचेरीतली उर्दू ही मंगोलांची भाषा. घोड्यावर बसून आली, तिला घोड्यावर बसवून परत धाडा! मोगलाईत जन्मलेल्यालाच सुचावी अशी अक्कल. पत्रक गावभर वाटलं, पारावर वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनी मंगोलांचा मुलूख कुठं आहे हे विचारलं नाही, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं.

तहसिलीत अर्जांवर शेरे मारणारा एक पेशकार होता. इजाजत द्यायची नाही हे त्याचं आधीच ठरलेलं, फक्त निमित्त हवं होतं. ते मी छापून दिलं. त्यानं भर कचेरीत चाचांना पत्रक वाचून दाखवलं. "क्यों मास्तर, मंगोलियातून कवा आलात? घोडा कुठं बांधला?" कचेरी हसली. त्या संध्याकाळी चाचा आमच्या दाराशी आले, आत आले नाहीत. "माझी चार पिढ्यांची हाडं पाटोद्यात हायेत बे. तू मला कुठं धाडतो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सही काढून घेतली. वर्ग बुडाला. पोलीस येणार अशी कुणकुण होती म्हणून मी गाव सोडलं, असं मी पुण्यात सांगतो. खरं म्हणजे रोज चाचांच्या ओसरीवरून जावं लागलं असतं, म्हणून सोडलं.

पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाला, "मोगलाईतला आलाय, जपून असा रे!" मी "न्हाई" म्हटलं की सगळे जुळारी खुशीत. हे लोक स्वराज्याचे अग्रलेख रोज जुळवतात, आणि पाटोदा कुठं म्हटलं तर हात झटकून म्हणतात, "तिकडे, निजामाकडे."

मग एका पंडिताचं आशियातल्या भाषांवरचं पुस्तक छपाईला आलं, आणि मंगोल भाषांचं प्रकरण नेमकं माझ्या वाट्याला आलं. एकेक खिळा लावत मी माझं पत्रक फाटताना पाहिलं. मंगोल भाषांचं कूळच वेगळं. मंगोलियातली खाल्खा, बैकल सरोवराकडची बुर्यात, व्होल्गाकाठी जाऊन राहिलेल्या काल्मिकांची बोली, मांचुरियातली दागुर. काही शतकांमागं या सगळ्या जवळपास एकच होत्या. फौजा पांगल्या तशी भाषा पांगली. तुर्कीशी त्यांचं रक्ताचं नातं की नुसती शेजाऱ्यांची देवघेव, यावर पंडितांची अजून जुंपलेली. आणि दिल्लीचे मोगल? वंशाचा तोरा मंगोलांचा, घरात तुर्की, दरबारात फारसी. उर्दूचं त्या प्रकरणात नावसुद्धा नाही.

पंडित प्रुफं बघायला आले तेव्हा विचारलं. मान वर न करता म्हणाले, "अहो, उर्दू तुमच्या मराठीची चुलतबहीण. एवढंही ठाऊक नाही?" आणि एका बुर्यात शब्दावरचा अनुस्वार दुरुस्त केला. बैकलकाठची माणसं काय बोलतात हे त्यांना पाठ. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातलं पोर कोणत्या लिपीत धुळाक्षरं काढतं, हे त्यांना ठाऊक नाही आणि करूनही घ्यायचं नाही. अशा विद्वत्तेला मी दुरून नमस्कार करतो. पण ती खरं बोलत होती आणि मी खोटं.

त्याच प्रकरणात अफगाणिस्तानातल्या हेरातेकडच्या काही खेड्यांची हकिगत आहे. तिथले मोगल खरोखरच मंगोल बोलतात. निम्मे शब्द फारसी झालेत, तरी भाषा जगली. पण जिथं म्हाताऱ्यांनी पोरांशी ती बोलणं सोडलं, तिथं ती मरायला लागली. मी पत्रकात 'हुकूम', 'अर्ज', 'जमीन' असल्या शब्दांची यादी देऊन "हे हाकला" म्हणून गर्जलो होतो. शब्द एकही गेला नाही. पोरांना मराठी शिकवायला तयार असलेला एकच म्हातारा होता, तो मात्र हाकलला गेला.

मी चाचांना माफीचं पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी बालबोधीत उत्तर आलं: "पत्रक गावभर वाटलं, अन् माफी लिफाफ्यात कावून? अर्ज पुन्हा लिहून ठेवलाय. दुसरी सही तुजी. पेशकारापुढं ये अन् छापलं ते खोटं हाय असं तोंडानं सांग. न्हाई आला तर अर्ज चुलीत."

इथली आपली गाववाली मंडळी म्हणतात, वेडा आहेस, नाक्यावरच धरतील. धरतीलही. हीच मंडळी सणावाराला जमून गावाच्या आठवणीनं गळे काढतात, आणि गावाकडचं पत्र आलं की उत्तर द्यायला यांना वेळ नसतो.

पुण्यात माझ्या चुकीनं कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून कुणी मला शिवीही देत नाही. पाटोद्यात एका म्हाताऱ्याचा वर्ग माझ्यापायी बंद आहे, आणि तो अजून माझ्यावर चिडलेला आहे. घर म्हणायला मला एवढं पुरतं. सोमवारी निघतो.