पहिलं झाकण झाडाचं

चांगल्या दारूला वाईट म्हणायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती दारू चांगली होती. फार चांगली होती. भिकार काहीतरी पाजून त्याने मला गंडवलं असतं तर चार शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. पण त्या माणसाने मला आयुष्यातली सगळ्यात चांगली दारू पाजली, आणि ती पाजता पाजताच केसाने गळा कापला.

तो म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. कारंज्यात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि मानोऱ्याच्या रस्त्याला थोडं वावर. त्याचं वावर माझ्या वावराला लागूनच. मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर मोहाचं जुनं झाड. नोकरीपायी तो पुण्याला गेला, तिथेच फ्लॅट घेतला, तिथलाच झाला. तरी वर्षातून दोनदा यायचा, आणि आला की एक बाटली, कांदा, फुटाणे घेऊन आम्ही त्या झाडाखाली. मिसरूड फुटलं तेव्हापासूनचा हा नेम. माझा बाप गेला त्या दिवशीही मसणातून आल्यावर आम्ही तिथेच जाऊन बसलो होतो. त्या दिवशी बाटली नव्हती.

आमच्याकडे धुऱ्यावरचं झाड दोन्हीकडचं असतं. सावली ज्याच्या वावरात पडेल त्याची, पण कुऱ्हाड लावायची तर दोघांनी हो म्हटलं पाहिजे. आमच्या झाडाची फुलं मात्र आम्ही दोघंही वेचत नव्हतो. शेजारच्या तांड्यावरची एक बाई उन्हाळा लागला की पहाटे येऊन वेचायची, आणि वाळली की ओंजळभर माझ्या घरी आणून द्यायची.

झाडाखाली बसायचे आमचे दोन कायदे होते. पहिला, बाटली उघडली की पहिलं झाकण भरून झाडाच्या बुडाशी ओतायचं. दुसरा कायदा जरा महत्त्वाचा. बाटलीत दारू आहे तोवर भांडायचं नाही. हा कायदा करायचं कारण असं की कॉलेजात असताना एकदा तिथेच आमची जुंपली, त्यात बाटली फुटली आणि सगळी दारू मातीने प्यायली. त्या दारूचं इतकं दुःख झालं की भांडण कशावरून होतं तेच विसरलो. तेव्हापासून ठरलं, आधी बाटली संपवायची, मग काय ती आईमाई काढायची. हा कायदा आम्ही मस्करीत पाळत नव्हतो. एकदा, तो पुण्याला जायच्या आधी, त्याच्या बैलांनी माझा हरभरा पार साफ केला होता. मी तणतणत गेलो, तर हा म्हणतो, आपली परवाची क्वार्टर उरली आहे ना? आठवडाभर त्याने ती उरवून ठेवली. संपली तेव्हा माझा राग निवला होता. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

मागच्या वर्षी त्याने वावर विकायचं काढलं. रस्त्याच्या कडेला प्लॉट पाडणारे हिंडतातच, त्यातल्याच एकाला. मला वाईट वाटलं, पण त्याचं वावर, तो विकेल. पुण्याहून येऊन तो काय तूर पेरणार होता? मी त्याला एवढंच विचारलं की झाडाचं काय. झाडाखालीच बसलो होतो. त्याने झाकण भरलं, बुडाशी ओतलं आणि खोडावर हात ठेवून म्हणाला, "वावर माह्यं हाये, पन झाड दोघाईचं. तुले इचारल्याबिगर त्याले कुऱ्हाड लागनार नाई." मी मानलं. का मानू नये? मोजणीवाले आले तेव्हा चहा पाजायला मीच होतो.

तर या माघात एक दिवस सकाळी त्याचा फोन आला. गावात आलोय, विक्रीचं शेवटचं काम उरकलं, दुपारून तुझ्या घरी येतो. मी म्हटलं घरी कशाला, वावरात जाऊ. तर म्हणे गुडघा धरलाय. मी म्हटलं गाडीवर नेतो, धुऱ्यापर्यंत. तर म्हणे आजची बाटली वावरात न्यायची नाही, पोरीने अमेरिकेहून आणलीय, घरी बसून नीट प्यायची आहे. ज्याने कधी झाडाशिवाय घोट घेतला नाही त्याला एकाएकी माझं घर गोड वाटायला लागलं, आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. मी खुशाल दुकानाचं शटर ओढलं. बायकोला म्हटलं, पाटोडीचा रस्सा कर, दोस्त येऊन राह्यला.

बाटली पाहिली आणि मीही हरखलो. जाड काचेची, बुटकी, खांद्यात रुंद, वर लाकडी बूच. दारूचा रंग काकवीसारखा, खालून लाल मारणारा. बर्बन असं तिचं नाव, म्हणजे मक्याची व्हिस्की. ओकच्या नव्या पिंपाला आतून जाळून कोळसा करतात आणि त्यात ती वर्षानुवर्षं ठेवतात. ही बाटली तर त्याच्याही पुढची. तयार झालेली दारू पुन्हा दुसऱ्या पिंपात घातलेली, त्यात भाजलेल्या लाकडाच्या फळ्या. का, तर लाकडाची चव आणखी चढावी. मी म्हटलं हे तर लग्न लागल्यावर पुन्हा हळद लावण्यातलं झालं. तो हसला. किंमत विचारली तर त्याने डॉलरमध्ये सांगितली, मी डोक्यात रुपये केले. तेवढ्यात आमच्या नेहमीच्या पाच-सहा तरी आल्या असत्या.

बूच काढल्यावर मी झाकणाचं विचारलं. बुचात काय मावणार, पण भांड्यात काढू म्हटलं. तो म्हणाला, टाक त्या कुंडीत. कुंडीत तुळस होती. मी म्हटलं, तुले वेड लागलं का बे, तुळशीले दारू? झाडाचं झाडाले. खोकल्याच्या औषधाच्या शिशीचं झाकण काढून भरून ठेवलं, वर वाटी पालथी घातली. उद्या वावरात गेलो की ओतीन म्हटलं. तो फुटाणे खात होता.

आता चवीचं सांगतो, कारण तेवढं खरं होतं. पहिला घोट पाणी न घालता घेतला. नाकात आधी गोड वास आला, गूळ कढईत करपायच्या बेताला येतो तेव्हाचा, आणि त्याच्या मागून व्हॅनिला आइस्क्रीमचा. जिभेवर लवंग-दालचिनी. गिळली तर घसा जळाला नाही, छातीत ऊब उतरली आणि बराच वेळ थांबली. पण शेवटी लाकूड जरा जास्तच बोलत होतं. नवी काडी चावल्यावर दातांना जो तुरटपणा चढतो, तसा. मला वाटलं, दुसऱ्या पिंपाने थोडा आगाऊपणा केलाय. मग त्याने बर्फ टाकला तर दारू मेलीच, नुसतं गोड पाणी. मी त्याला म्हटलं असा अत्याचार करू नको. माझ्या दुसऱ्या पेगात चमचाभर साधं पाणी घातलं. आणि काय सांगू! तुरटपणा बसला, भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा वर आला, खारकेची चव आली, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, एक वास आला तो मी लहानपणापासून ओळखत होतो. मोहाची फुलं अंगणात वाळत घातल्यावर तिसऱ्या दिवशी येतो तो. गोड, जड, थोडा आंबूस.

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हातच धरला. म्हटलं, "लेका, पाह्य ना, ह्याच्यात आपलं झाड हाये."

त्याने हात सोडवून घेतला. बाटली उचलली आणि माझ्या ग्लासात चांगली तीन बोटं ओतली. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला पी, तुझ्यासाठीच आणली. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. मला वाटलं, वावर विकल्याचं दुःख झालं असेल. मीच त्याची समजूत काढली, बोला आता! म्हटलं, वावर गेलं तर जाऊ दे गड्या, झाड आहे, आपण आहोत, गुडघा बरा झाला की उन्हाळ्यात ये, फुलं पडतील तेव्हा बसू. तो हो म्हणाला. माझ्या तोंडावर हो म्हणाला तो.

तेवढ्या दारूचे तेवढे पैसे द्यावेत का, यावरही आमची मजेत चर्चा झाली. माझं मत असं की रोज पिणाऱ्याने देऊ नयेत, पण आयुष्यात एकदा, जिवाभावाच्या माणसाबरोबर बसायचं असेल तर वसूल आहे. हे मी शब्दशः म्हणालो. दिवस मावळायला तो उठला. पाटोडी त्याने अर्धी टाकली. पुण्याची ट्रॅव्हल्स होती. बाटलीत अर्ध्याच्या वर दारू होती. घेऊन जा म्हटलं तर म्हणाला, "राहू दे तुह्यापाशी. सावकाश पी, वर्षभर पुरव." दारात त्याने मला मिठी मारली. असल्या मिठ्या मारायची आमच्यात रीत नाही. मी समजलो, चढली.

सकाळी ते झाकणभर दारू बाटलीत परत ओतली, कारण झाकण गाडीवर कसं नेणार, आणि बाटलीच डिक्कीत टाकून वावरात गेलो. वळणावरून आमचं झाड आधी दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही. मला वाटलं धुकं असेल. धुकं नव्हतं.

बुंधा जमिनीलगत कापला होता. कापलेलं लाकूड ओलं होतं, तांबूस, आणि भोवती ढीगभर भुसा. धुऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे चर पडले होते. फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके धरायला लागले होते, ते पायदळी तुडवलेले. तांड्यावरची ती बाई बारीक काटक्या गोळा करत होती. मला पाहून ती उभी राहिली. तीच म्हणाली, काल दुपारून मशीन आली, दिवस मावळेपर्यंत चालली होती, लाकूड वीटभट्टीवर गेलं. घेणाऱ्याला कंपाउंड घालायचं होतं, झाड काढून द्या तरच उरलेले पैसे, असं त्याने सांगितल्याचं मशीनवाले बोलत होते. मग ती थांबली आणि म्हणाली, "तुमचे दोस्त सकाळी सोता येऊन दाखवून गेले, भाऊ. आमाले वाटलं तुमाले ठाऊक असन."

दुपारून. म्हणजे मी शटर ओढलं तेव्हा. मी गुळाचा वास, लवंगेचा वास करत होतो, चमचाभर पाणी घालू की दोन चमचे यावर डोकं चालवत होतो, तेव्हा इकडे मशीन चालू होती. म्हणून वावर नको होतं, म्हणून गुडघा. आपलं झाड ह्याच्यात आहे असं मी म्हणालो तेव्हा ते अर्धं कापून झालं असेल. त्याने माझ्याशी भांडून झाड पाडलं असतं तर मी कदाचित एक दिवस माफही केलं असतं. अरे, विचारलं असतंस तर एखादवेळी हो म्हणालो असतो! तुझ्यापेक्षा झाड मोठं नव्हतं मला. पण तू मला घरात बसवून ठेवलंस, लहान पोराला मिठाई देऊन बसवतात तसं.

मी बुंध्यावर बसलो. बाटली काढली. पहिलं झाकण ओतायचं म्हणून बूच उघडलं आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याने अर्ध्याच्या वर का ठेवली. सावकाश पी. वर्षभर पुरव. हरभऱ्याच्या वेळी आठवडाभर पुरवली होती, आता वर्षभराची सोय करून गेला होता. बाटलीत दारू आहे तोवर भांडायचं नाही, हे त्याला माझ्याइतकंच पाठ होतं. मी कायदा मोडणार नाही याची त्याला खात्री होती. आणि खरं सांगतो, मोडलाही नसता.

मी बाटली उलटी केली. सगळी दारू बुंध्यावर, मुळांवर, भुशावर ओतली. भुशाने ती झटकन पिऊन टाकली. वास असा सुटला की ती बाई काटक्या टाकून बघायला लागली. ओल्या लाकडाचा आणि त्या दारूचा वास एकच होता. मला रडू आलं, आणि मी डोळे पुसले नाहीत.

मग फोन लावला. त्याने लगेच उचलला, मागे बसचा आवाज. उतरली का बे, म्हणून विचारलं, नेहमीच्या आवाजात.

"बाटली संपली," मी म्हणालो.

तिकडे कोणीतरी उतरत होतं, क्लीनर ओरडत होता. तो हळूच म्हणाला, "अर्ध्याच्या वर होती ना."

"होती. झाडाले पाजली. आता आयक."