नीवेसनं पुसलेली खूण

इटलीतल्या लूगो गावच्या टेनिस क्लबात नीवेस ताराबूझीला कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत, आणि बरोबरच आहे! जगाच्या यादीत ती कधी पहिल्या दोनशेत आली नाही, म्हणून काय झालं? सोळा वर्षं ही बाई एकटी हिंडली. दोन रॅकेटी, एक पिशवी, आगगाडीत मांडीवर ठेवून खाल्लेली पियादिना, म्हणजे तिकडची भरलेली पोळी. तारा तुटल्या की स्वतःच विणायची, हरली की पुढच्या गावची गाडी पकडायची. हे करून दाखवा आधी, मग बोला.

तिचा बाप दाल्माझियो याच क्लबात लाल मातीची मैदानं राखतो. पाणी मारायचं, रेघा झाडायच्या, खेळ संपला की जाळी ओढून माती सारखी करायची. तळहाताएवढी जागा राहिली तरी म्हाताऱ्याला जेवण जात नाही.

चौतिसाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. नीवेसनं ठरवलं, हा शेवटचा मोसम. आणि नेमकं त्याच वर्षी जाहीर झालं, गावची स्पर्धा जिंकेल तिला रोमच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा. रोम! ते मैदान तिनं जन्मभर तिकीट काढूनच पाहिलेलं.

अंतिम सामन्यात समोर अठरा वर्षांची जाचिंता. गावच्या स्पर्धेला पंच कुठला? आपल्या बाजूचा चेंडू आपणच सांगायचा. तिसऱ्या सेटमध्ये नीवेस पाच-चार पुढे, एकच गुण हवा. जाचिंताचा चेंडू मागच्या रेघेपाशी पडला.

"आउट!" नीवेस ओरडली. लोक उठले, टाळ्या पडल्या. जाचिंता नाक ओढत हात मिळवायला नेटपाशी आली.

नीवेस मात्र सवयीनं मागं वळली. मातीवर चेंडूची खूण होती, आणि ती रेघेला चिकटलेली होती. केसभरच, पण चिकटलेली. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. रोमचा विचार करत ती घटकाभर तिथंच थांबली, खोटं कशाला बोला! मग तिनं बुटानं खूण पुसून टाकली. मातीवर खेळणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: चेंडू आत होता, गुण तुझा.

"अगं बये!" बाप कुंपणापलीकडून किंचाळला. "तुला कुणी विचारलं होतं का?"

"आत होता, बाबा."

"असू दे की आत!"

तो गेम गेला, पुढचे दोनही गेले. नीवेस हरली.

शेवटी खेळणाऱ्यानं मैदान सारखं करायचं, हा क्लबाचा रिवाज. लोक पांगले तशी ती डोळे पुसत जाळी ओढायला लागली. बापानं ती हिसकावून घेतली.

"सोड. धड जमत नाही तुला."

गोल गोल फिरत त्यानं सगळी माती सारखी केली. मागच्या रेघेपाशी आला आणि बुटानं फरफटलेल्या त्या जागेला वळसा घालून पुढे गेला.

"बाबा, तिथं राहिलं."

"आंधळा आहे का मी?" दाल्माझियो खेकसला. "राहू दे ते."

आणि घरी जाऊन म्हातारा पोटभर जेवला.