अर्जाची पोच

रायपुरात गोष्ट ठेवायला एकच भरवशाची जागा होती, ती म्हणजे माझ्या बाबांच्या एका मित्राचं पोट. काकू कुठे गेल्या, असं ब्राह्मणपाऱ्यातल्या शेजारणीने विचारलं तरी काका म्हणत, "उन्हीं से पूछो, दीदी." लग्नात काय जेवले तेही घरी सांगत नसत, यजमानाची गोष्ट. काकू म्हणायच्या, "याहीनं मले आपलं नाव सांगतलं हेच नशीब."

काका मोबाईल कंपनीत होते. ग्राहकांची माहिती मागणारी पोलिसांची पत्रं त्यांच्या टेबलावर येत. रीतसर आदेश असला की ते माहिती देत आणि पोच घेत. नुसता फोन आला तर, साहेब कितीही मोठा असो, एकच वाक्य: "लिखित में भेजिए, साहब."

मागच्या वर्षी असाच फोन आला. एका नंबरावरून कोणाकोणाशी बोलणं झालं त्याची यादी आत्ता द्या, कागद नंतर. काका अडून बसले. मॅनेजर म्हणाला, "सरकारशी वाकडं घेऊन धंदा होतो का?" त्याने स्वतःच यादी पाठवली आणि काकांना भनपुरीच्या गोदामात जुन्या केबलच्या राखणीला बसवलं. हे त्यांच्या ऑफिसातल्या एकाने बाबांना सांगितलं. काका थोडेच बोलणार होते. आमच्या सहीशिवाय ही कंपनी सिमकार्ड देत नाही, आमची माणसं मात्र बिनसहीची पोलिसांना देते.

त्याच आठवड्यात भनपुरीच्या कारखान्यातल्या एका कामगाराला ठाण्यात बसवून, त्याने मला केलेले फोन तारखेवार वाचून दाखवले. तिथल्या अपघातांवर मी पत्रकं काढत होते, आतली माहिती तो देई. त्याचं नाव मी बाबांनाही सांगितलं नव्हतं. त्याची नोकरी गेली. आता तो माझा फोन उचलत नाही, आणि बरोबर करतो.

मी गोदामात गेले.

"काका, तो नंबर माझाच ना?"

"ग्राहकाची गोष्ट हाय. तुले कशी सांगू?"

"ग्राहक मीच आहे."

"मंग लेखी दे."

मी पत्रकाच्या पाठीवर अर्ज खरडला. काकांनी तो दोनदा वाचला, मी विसरलेली तारीख घातली.

"उत्तर द्याची खुर्ची आता माही नाही, पोट्टी," ते म्हणाले. मग एका चिठोऱ्यावर 'अर्ज मिळाला' लिहून, खाली सही करून माझ्या हातात ठेवलं.

कंपनीला मी नंतर तीन पत्रं लिहिली. पोच मिळाली ती एवढीच, केबलची धूळ लागलेली.