खेळाच्या पेटीत घातलेला हात

दसऱ्याच्या आधी बाजारात झेंडूचा वास आला की माझ्या उजव्या तळहाताला घाम सुटतो. साठीत असताना घडलेली गोष्ट आहे. केरीतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून मुलाने मोटार शर्यतीचा जुना व्हिडिओ गेम आणला होता, कपाटाएवढा, खरं स्टिअरिंग असलेला. असे खेळ जमवणारे फोंड्याहून तो बघायला येत, कारण त्याची पिक्चर ट्यूब मूळची होती आणि तशी आता कोणी बनवत नाही. खंडेनवमीला आम्ही कोयता, विळी, स्कूटर, सगळं पुसून पुजतो, म्हणून मी त्याचाही प्लग काढला, मागची फळी उघडली आणि ओलं फडकं घेऊन हात आत घातला. "आये, हालू नको!" मुलगा दारातून ओरडला. "ट्यूबीत करंट रवता, प्लग काढलो तरी मारता!" ट्यूब माझ्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हती आणि फडकं ठिबकत होतं. हात मागे घ्यायचंही मला सुचेना. त्याने कोपर धरून तो हळूहळू बाहेर काढला. "माझ्यासाठी ओरडलंस की ट्यूबीसाठी?" मी विचारलं. तो मोठा बाप्या, तिथेच खाली बसून रडला. म्हातारपणी मरणाची भीती जाते म्हणतात. आता मी पंच्याहत्तरीला आले, माझी काही गेलेली नाही.